सरव्याला रकाना नव्हता

आमच्या शिवारात कारखाना आला तेव्हा आधी भिंत आली. नांदुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून कोणीतरी जमीन घेतली होती. तिथे ना शेड ना यंत्र, नुसती पुरुषभर उंचीची भिंत आणि वर काटेरी तार. एवढं झाकायचं काय आहे, असं ज्याला त्याला वाटायला लागलं. कोणी म्हणे दारूचा कारखाना, कोणी म्हणे केमिकल, विहिरी नासणार. मी तर पारावर बसून ठासून सांगत होतो की हा सगळा जमिनीचा डाव आहे, कारखाना-बिरखाना काही होत नाही. निघाली डाळमिल. आत लपवण्यासारखं काहीच नव्हतं. भिंत आमच्यासाठी होती, हे कळायला मला आत नोकरी धरावी लागली.

माझं अक्षर बरं, थोडं कॉम्प्युटरही येत होतं, म्हणून मला गेटवरच्या टाइम ऑफिसात घेतलं. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं हे लिहायचं, आणि सुटी झाली की झडतीवर लक्ष ठेवायचं. बायांची एक रांग, माणसांची एक. डबा उघडा, खिसे उलटे. पहिल्या आठवड्यात बाया हसायच्या. एकीने डबा उघडून झडती घेणाऱ्या बाईला म्हटलं, "या जेवाले." सगळी रांग खिदळली. महिन्याभराने कोणी हसत नव्हतं. सांगायच्या आधीच डबे उघडे व्हायचे, आणि मला ते बरं वाटायचं, काम लवकर उरकतं म्हणून.

आता मला सरव्याबद्दल सांगावं लागेल. शेत निघालं की मागे जे पडून राहतं, कणीस, शेंग, बोंड, तो सरवा. तो मालकाचा नसतो. जो वाकेल त्याचा. माझे वडील काही दानशूर नव्हते. बांधावरून शेजाऱ्याशी त्यांचं आयुष्यभर जमलं नाही. पण सरवा वेचणारीला त्यांनी कधी हटकलं नाही. उलट कापणाऱ्या बायांना सांगायचे, फार झाडून-पुसून नेऊ नका. यात आपण काही देतोय असं त्यांना वाटत नसावं. पडलं म्हणजे आपलं राहिलं नाही, इतका साधा हिशोब होता.

माझी काकी, म्हणजे वडिलांच्या चुलतभावाची बायको, आमच्या शेजारच्याच घरात राहते. आई शेतात गेली की मी तिच्या ताटात जेवायचो. मिल सुरू झाली तेव्हा तिला झाडायचं काम मीच लावून दिलं. तिच्या अर्जावर ओळखीचा म्हणून सही माझी होती.

एके दिवशी पाचच्या सुटीला झडतीवाल्या बाईने मला हाक मारली. काकी रांगेतून बाजूला काढलेली. पदराची ओटी करून तिने त्यात दोन-तीन मुठी तुरीची डाळ घेतली होती, टरफलं आणि धुळीसकट.

"काकी, हे काय?"

"काय म्हंजे? सरवा हाये," ती म्हणाली. "मशिनीच्या पट्ट्याखाली पडेल व्हता. झाडता झाडता येचला."

"इथं नाही चालत तसं."

"काऊन? पडेल धान्य पायाखाली तुडवाचं काय मंग?"

तिने काहीही लपवलं नव्हतं. ओटीवर हात ठेवून, शेतातून घरी यावं तशी ती आरामात गेटपर्यंत चालत आली होती. चोर असा चालत नाही. हे मला तेव्हाही दिसत होतं, नंतर सुचलेलं नाही.

मॅनेजर आले. पुण्याकडचे, मृदू बोलणारे, कोणावर आवाज चढवत नसत. ते मला बाजूला न घेताच म्हणाले, "हे बघा, दोन मुठींनी मिल बुडत नाही. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो."

"कोन मेली?" काकीने विचारलं.

कोणी हसलं नाही. मॅनेजर पुढे म्हणाले, "आज पडलेलं नेऊ दिलं, तर उद्या पाडून नेतील."

या वाक्याने माझा घात केला. ते खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण ते पटण्यासारखं होतं. माझ्या वडिलांना, त्यांच्या वडिलांना हे सुचलं नसेल का? सुचलं असेल. पण तसं मनात आणायचंच नाही, यावर तर सगळा सरवा चालत होता. मिलमध्ये जमिनीवर सांडलेलंही गोळा होतं, चुनीत मिसळून गुरांच्या खाद्याला जातं. तिथे पडलेल्यालाही मालक आहे.

रजिस्टर माझ्यापुढे उघडं होतं. नाव, वेळ, माल, प्रकार.

"सरवा लिही," काकी म्हणाली.

मी मॅनेजरांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते, आणि हिला आणलं कोणी हे त्यांना आठवत असणार असं मला वाटलं. कदाचित ते तसं काही पाहत नव्हते. पण मी घाबरलो. 'प्रकार' या रकान्यात मी माझ्या चांगल्या अक्षरात 'चोरी' लिहिलं.

काकी चौथी शिकलेली. तिने वाकून तो शब्द वाचला, पेन घेतला आणि जपून, एकेक अक्षर लावत सही केली. मग ओटी टेबलावर झाडली आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही, कोणी तिला बोलावलंही नाही.

गावात तिने याची वाच्यता केली नाही. मला त्याचाही संशय यायचा. कोणाला तरी सांगितलंच असेल, म्हणून मी लोकांची तोंडं वाचत फिरायचो. खाई त्याला खवखवे म्हणतात ते हेच.

त्याच वर्षी माझी तूर निघाली. मी बांधावर उभा होतो आणि कापणाऱ्या बायांच्या हातांकडे पाहत होतो. शेंगा जरा जास्तच गळून राहिल्यात का? ही मुद्दाम तर पाडत नाही? या बाया माझ्या लहानपणापासून आमच्या शेतात येतात. मागून सरवा वेचायला दोघी आल्या, तर मी म्हटलं, यंदा नको, यंदा मीच वेचून घेणार.

"यंदाच कायले, भाऊ?" एकीने विचारलं.

मी त्यांना परत पाठवलं. तो सरवा मी काही वेचला नाही. पोपटांनी खाल्ला. आता गावात किराणा दुकानात कॅमेरा आहे, देवळात आहे. बांधावर बसवता येतो का, याची चौकशी मीही करून आलोय. मिलमध्ये मी अजून गेटवरच आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे उडदाचे पापड होते. पापडाला बाया एकमेकींकडे जातात, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, त्याला मजुरी लागत नाही. बायकोने बोलावलं म्हणून काकीही आली. इतक्या दिवसांनी ती उंबरठा ओलांडून आत आली याचा मला आनंद झाला, खरंच झाला. दिवसभर तिने लाटलं, बायांना हसवलं, माझ्याशीही दोन शब्द बोलली. निघताना बायकोने तिच्या पदरात थोडे पापड आणि पिठाच्या लाट्या घातल्या. मी दाराशी खुर्चीवर बसलो होतो, माझ्या डोळ्यांसमोरच घातल्या.

काकीने चप्पल घातली. मग माझ्यासमोर येऊन थांबली आणि दोन्ही हातांनी पदर उघडून धरला.

"पाहून घे बाबू," ती म्हणाली.

आवाजात टोमणा नव्हता. गेटवर बाया डबा उघडतात, तितक्याच सवयीने ती उभी होती. काकी, हे काय करून राहिली, असं मला म्हणता आलं असतं. उठून तिचे हात धरता आले असते.

मी पदरात पाहिलं.