सिरियलवाल्यांच्या तावडीत म्हातारी

आमच्या हँगरमधली माणसं आता चार दिशांना पांगली आहेत. पण कुणाच्या लग्नाकार्यात भेटलो की त्या सिरियलचा विषय निघतोच. एकाने एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. बायका विचारतात, "गप्पा मारताय की भांडताय?" भांडतोच आहोत! तुम्हाला हसायचं तर हसा, मला अजून जमत नाही.

घरोघर रंगीत टीव्ही नुकते येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. अंधेरीहून सायकलने जाता येईल अशा एका छोट्या धावपट्टीवर आमचा फ्लाइंग क्लब होता. मी तिथे मेकॅनिक. आमच्याकडे एक जुनं टायगर मॉथ विमान होतं. एकावर एक दोन पंख, लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेलं कापड. आम्ही तिला म्हातारी म्हणायचो. ते कापड शिवायचे आमचे परबकाका, मूळचे मालवणचे, आधी गिरणीत होते. एका साहसी सिरियलसाठी क्लबच्या कमिटीने म्हातारी भाड्याने दिली आणि आमची वाट लागली!

* * *

हिरो पहिल्याच दिवशी उंच टाचांचे बूट घालून आला. पंखाच्या मुळाशी पाय ठेवायची एक पट्टी असते, तेवढ्यावरच चढायचं. आमच्या इनचार्ज कांबळेने त्याला दोनदा बजावलं. हिरोने मान डोलावली आणि पाय बरोबर दुसरीकडे ठेवला. गुडघ्यापर्यंत आत! परबकाकांनी आदल्याच आठवड्यात शिवलेला पंख!

आता हा सॉरी म्हणेल असं आम्हाला वाटलं. तर तोच आमच्यावर डाफरला, "कपडा लावलाय? यार, मला वाटलं खरं विमान आहे!"

* * *

म्हातारीला आम्ही देवाच्या समईसारखं लख्ख ठेवायचो. आर्ट डायरेक्टरला तेच खटकलं. "युद्धातलं वाटत नाही," म्हणाला आणि पोरांकडून तिच्यावर काळा-तांबडा रंग मारून घेतला. हा गंज म्हणे!

कांबळेचा आवाज चढला, "अहो साहेब, कापडाला गंज कुठला चढतो?"

"टीव्हीवर चढतो," तो म्हणाला आणि चहा प्यायला निघून गेला. तो रंग उतरवताना आमच्या हातांची सालं निघाली.

* * *

उडायची वेळ आली. हिरो पुढच्या सीटवर, आमचे कॅप्टन डिसोजा मागच्या. विमान मागूनच चालवतात, पण प्रेक्षकांना हिरोच चालवतोय असं दिसायला हवं ना! डायरेक्टर कॅप्टनना म्हणाला, "आकाशात गेलात की डोकं खाली घाला. दिसता कामा नये."

"मग मी बाहेर बघू कसा?"

"अंदाजे!"

कॅप्टन सज्जन माणूस, म्हणून तो डायरेक्टर त्या दिवशी स्वतःच्या पायांवर घरी गेला. मी असतो तर त्यालाच पुढे बसवून अंदाजे उतरवला असता.

* * *

पहिला भाग बघायला चेंबूरला कांबळेच्या घरी अख्खी चाळ गोळा झाली. शेवटी नावं सुरू झाली. मेकअपवाला आला, जेवणवाला आला. म्हातारीचं नाव नाही, आमचं कुणाचंच नाही. आणि मग मोठ्या अक्षरांत घोडा आला! घोड्याचं नाव, घोड्याच्या मालकाचं नाव!

कांबळेची आई म्हणाली, "बाळा, तू पण घोड्याकडेच नोकरी धरायची होतीस." चाळ हसली. कांबळे उठून बाहेर गॅलरीत गेला.

* * *

शेवटच्या भागात हिरोचं विमान जळतं. सिरियलवाल्यांनी म्हातारीच मागितली आणि कमिटीने देऊन टाकली! जुनी झाली म्हणे. अजून कितीतरी वर्षं उडाली असती ती. कांबळे, परबकाका आणि मी कमिटीपुढे हात जोडून उभे राहिलो, कुणी वर बघितलंसुद्धा नाही. तिथे कुणाची तरी कॉलर धरली नाही, याचाच मला अजून राग येतो.

अट एकच होती, आग क्लबच्या माणसाने लावायची. कांबळेने आणि मी साफ नाही म्हटलं. परबकाका पुढे झाले, "दुसऱ्यान लावच्यापेक्षा मी लावतंय."

त्या कापडावर डोप नावाचं वार्निश असतं, ते ठिणगी पडली की भडकतं. काकांनी डायरेक्टरला ते नीट समजावून सांगितलं. त्यानेही मन लावून ऐकलं. "ॲक्शन म्हटलं की लावा," तो म्हणाला, "तीन कॅमेरे आहेत, एकदाच मिळणार." मग तो हिरोच्या गळ्यातला मफलर नीट करायला वळला. कॅमेरावाले खुर्च्यांवर टेकले होते.

काका पेटता बोळा घेऊन म्हातारीजवळ गेले. पंखावरून एकदा हात फिरवला आणि बोळा आत टाकला.

भडका उडाला. लोक ओरडत पळाले, कॅमेऱ्यांवरची फडकी निघेपर्यंत नुसता काळा सांगाडा उरला होता. डायरेक्टर धावत आला, "काका! अहो, कॅमेरा चालू नव्हता!"

परबकाका हात पुसत म्हणाले, "माका ठाऊक आसा."