वडिलांसमोर पोर घ्यायचं नसतं

आमच्या घाटंजीच्या घरात माया बोलून दाखवायची पद्धत नव्हती. ती शिव्यांतून दाखवत, ताटात न विचारता वाढलेल्या भाकरीतून दाखवत, आणि आमचे बाबा ती खाकरण्यातून दाखवत. खाकरण्याचं आधी सांगते, कारण त्यांची नक्कल करण्यात गावात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

तेव्हा आमच्यात तरण्या बापानं आपल्या वडिलांसमोर स्वतःचं पोर उचलायचं नसे. निर्लज्जपणा समजत. पोर आजोबाचं, आत्याचं, वेळ पडली तर शेजाऱ्याचंसुद्धा; बापाचं मात्र कोणी बघत नसेल तेव्हाच. माझा थोरला भाऊ, दादा, सरकीचं पोतं एकट्यानं गाडीत टाकणारा गडी. पण आपल्या तान्ह्या मुलीला छातीशी धरायचं तर तो गोठ्यात बैलांच्या आड जायचा. मुलगीही वस्ताद. अंगणात त्याच्याकडे ओळख नसल्यासारखी बघे आणि गोठ्यात गेली की त्याच्या मिशा ओढी.

बाबांना हे सगळं ठाऊक होतं. म्हणून ते फाटकापासूनच खाकरायला लागत. खाकरत, चपला आपटत, कुत्र्याला उगाच दटावत. नाटकातला राजाही इतका वाजतगाजत येत नसेल. तेवढ्या वेळात दादा पोरगी माझ्या हातात कोंबून बैलांपुढे कडबा सारायला लागे.

"काहून रे, सकाळपासून कडबाच टाकून राह्यला का?"

"हो बाबा."

"पोट फुटून मरतीन ना बैल."

मी तोंडात पदर कोंबून हसत असे. अजूनही हा प्रवेश चारचौघांत करून दाखवते आणि लोक खो खो हसतात. पुढचं सहसा सांगत नाही.

साठ-एकसष्टचा हिवाळा असेल. मुलीला गोवर निघाला आणि तो छातीत उतरला. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात. वहिनी हिवतापानं अंथरुणाला खिळलेली, तिला उभंही राहवेना. मग बाबा, दादा आणि मी, तिघं मुलीला घेऊन सकाळच्या एसटीनं यवतमाळच्या दवाखान्याकडे निघालो.

मुलगी अर्थातच बाबांच्या मांडीवर. मी शेजारी. दादाला जागा होती तरी तो बसला नाही. वरचा दांडा धरून आमच्याजवळ उभा राहिला. त्याची नजर तिच्यावरून हटत नव्हती. बाबांना ते दिसत होतं. "घे रे, तुझी लेक आहे," एवढं म्हटलं असतं तर एसटी काही उलटली नसती. पण ती भाषा त्यांना येत नव्हती. ते म्हणाले, "मले डुलकी येऊन राह्यली बुवा," आणि त्यांनी डोळे मिटले. उभ्या जन्मात हा माणूस दिवसा झोपला नव्हता. हात मात्र जागे होते. मुलीला मांडीवरून जरासं वर उचलून धरलं होतं.

झोपलेला माणूस म्हणजे समोर नसलेला माणूस. मला कळलं. दादाला कळलं नाही. त्याला वाटलं, बाबा थकले.

"बाई, तू घे वं तिले. बाबाचे हात भरून आले असतीन."

"तूच घे ना."

"बाबा हायेत ना इथं."

"झोपले ना ते."

"आन् जागे झाले तं?"

बाबांच्या मिटल्या पापण्या थरथरत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं, पण झोपलेल्या माणसानं बोलायचं कसं? शेवटी मीच तिला घेतलं. तिनं दादाकडे हात केला. इतक्या माणसांत पहिल्यांदाच. दादानं इकडेतिकडे पाहिलं आणि दुपट्याखाली हात घालून, कोणाला दिसणार नाही असा, तिचा अंगठा धरला. यवतमाळ येईपर्यंत तो तसाच वाकून उभा होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिची छाती तपासली, डोळे उघडून पाहिले आणि दुपटं परत तिच्या अंगावर ओढलं. वाटेतच कुठेतरी गेली होती. माझ्या मांडीवर.

व्हरांड्यातल्या बाकावरून मला उठवेना. दादा समोर उभा होता, आणि त्याच्या त्या मोठ्या हातांना काय करावं ते सुचत नव्हतं. बाबांनी तिला माझ्याकडून घेतलं आणि त्याच्या हातांत ठेवलं.

"नीट धर," ते म्हणाले. "मान सांभाळ."

दादानं तिच्या मानेखाली हात घातला.

परतताना मुलगी झोपली आहे असंच आम्ही दाखवलं, नाहीतर एसटीत घेतलं नसतं. दादा खिडकीशी बसला, बाबा त्याला लागून. कंडक्टर भला माणूस होता. म्हणाला, "आजोबापाशी द्या ना थोडा वेळ, तुमाले आराम भेटन."

"राहू द्या," बाबा म्हणाले. "बापापाशी बरी हाये."

घरी पोचलो तेव्हा वहिनी अंगात ताप घेऊन ओट्यावर येऊन बसली होती. तिला कसं सांगायचं, कोणी सांगायचं, हे वाटेत कोणाच्याच तोंडून निघालं नव्हतं. दादा मुलीला छातीशी धरून फाटकातून आत आला आणि त्याच्यामागे बाबा. वहिनीनं आधी दादाकडे पाहिलं, मग बाबांकडे. तिला सांगावं लागलं नाही.