कर्ण्यावरचं शेवटचं कडवं

कोल्हापूर सोडलं त्या सकाळी अब्बा मला एसटी स्टँडवर पोचवायला आले होते. एका हातात माझी पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या काखेत फडक्यात गुंडाळलेला डफ. हुबळीची गाडी लागली, ट्रंक टपावर चढली, आणि अब्बांनी डफ माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतला. म्हटलं, तुमच्या वस्तादालाच द्या, त्याचं काम तर तुम्ही अजून करताच की. बापाला लागावं म्हणूनच बोलले होते आणि ते लागलंही. त्यांनी डफ परत काखेत घातला, खिडकीतून भडंगाची पुडी आत दिली, मावशीला सलाम सांग म्हणाले. गाडी हलली तरी मी मागे वळून बघितलं नाही. कागल गेल्यावर पुडी फोडली आणि सगळं भडंग खाल्लं. राग कितीही आला तरी भूक काही थांबत नाही.

शिवाजी पेठेतल्या माणसांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. पेठेतनं बाहेर पडलेले पुष्कळ आहेत. कुणी मुंबईला गिरणीत गेला, कुणी पुण्याला कारखान्यात, कुणी थेट अरबांच्या देशात. ते पोटासाठी गेले. गावी आले की तुम्ही त्यांना चहा पाजता, कधी आलास म्हणून विचारता. मी पोटासाठी गेले नाही. माझ्या गळ्यावर दुसरीचं नाव लागलं आणि तुम्ही त्याला टाळ्या वाजवल्या, म्हणून गेले. हे तोंडावर सांगायचं राहून गेलं होतं.

तालमीच्या बोळात अब्बांचं दुकान होतं. डफ, हलगी, ढोलकी मढवायचं काम. कातडं ताणून झालं की वाजवून बघावं लागतं, आणि नुसतं वाजवून कळत नाही, त्यावर गळा लावावा लागतो. अब्बांचा गळा फाटका. त्यामुळे ते काम लहानपणापासून माझ्याकडे आलं. पावसाळी हवेत डफ गार पडला, बद्द वाजायला लागला, की मी वैतागायची. अब्बा म्हणायचे, "कातडं हाय त्ये. रुसतंय. जरा ऊन दाव." घरात आम्ही आमची मोडकीतोडकी दखनी बोलायचो, पण कामाचं बोलणं सगळं मराठीतच चालायचं.

दत्तोबा वस्ताद पेठेतले नावाजलेले शाहीर. एकदा डफ न्यायला आले आणि उंबऱ्यातच थांबले. आत मी त्यांचाच पोवाडा म्हणत होते. त्या दिवसापासून त्यांनी मला शिकवायला घेतलं. साठचं दशक होतं ते. बाईनं भजन म्हटलेलं चालायचं, लावणी तर हवीच असायची, पण मुठीत डफ धरून, छाती काढून, उभ्यानं पोवाडा म्हणणारी पोरगी आमच्या पेठेनं बघितली नव्हती. त्यात मी मुसलमानाची. आमच्या लोकांनी अब्बांना चार गोष्टी सुनावल्या, तालमीतल्या लोकांनी वस्तादांना सुनावल्या. वस्ताद सगळ्यांदेखत बोलले, "गळ्याला जात लावायचा धंदा माझ्याकडं न्हाय." हे वाक्य मी किती वर्षं उशाशी घेऊन झोपले असेन.

त्यांची मुलगी मंगल माझ्याच वयाची, माझी जिवाभावाची मैत्रीण. ती माझ्या मागे उभी राहून झील धरायची. माझी ओळ संपली की "जी जी रं जी" उचलायची. एकटीनं वरच्या सुरात तार लावायची म्हटलं की तिचा सूर घसरायचा, पण झील धरावी तिनंच. ईदला आमच्या घरचा शीरखुर्मा प्यायची, दिवाळीला मी त्यांच्या चुलीपुढे बसून चकल्या पाडायची. आमच्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं आज म्हणते.

पोवाड्याची एक रीत असते. शेवटच्या कडव्यात नावं येतात. लढाई संपली, गड घेतला, की मग रचणारा कोण, गाणारा कोण, गाव कुठलं ते सांगायचं. तेवढ्यासाठी लोक शेवटपर्यंत बसतात. वस्तादांनी पन्हाळ्याच्या लढाईचा पोवाडा माझ्यासाठी बांधला आणि शेवटच्या कडव्यात अब्बांनाही बसवलं:

डफ बांधिला हुसेनभाईनं, पेठ शिवाजी ठाव,
लेक तयाची गाते शाहिरी, रेहाना तिचं नाव.

पहिल्यांदा तालमीपुढच्या मांडवात हे म्हटलं तेव्हा पेठेनं फेटे उडवले होते. विसरला असाल तर आठवण करून देते. अब्बा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. आयुष्यभर दुसऱ्याचे डफ बांधणाऱ्या माणसाचं नाव पहिल्यांदाच कुणीतरी गाण्यात घेतलं होतं. घरी येईपर्यंत ते मधेमधे थांबून टोपी नीट करत होते.

मग मुंबईची रेकॉर्ड कंपनी आली. आम्ही तिघं मुंबईला गेलो, वस्ताद, मंगल आणि मी. कंपनीचा माणूस गोड बोलणारा होता. आवाजाचं कौतुक करून झाल्यावर म्हणाला, गडाचा पोवाडा आणि मुसलमान बाईचं नाव, दुकानदार माल उचलणार नाहीत. वस्तादांनी फेटा नीट केला आणि म्हणाले, नाव काढायचं असेल तर रेकॉर्डच नको. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या काचेच्या खोलीत अशी गायले, की तशी पुन्हा कधी गायले नाही. दुसऱ्या दिवशी मला पुढे कोल्हापूरला पाठवलं. वस्ताद आणि मंगल हिशेबाचं काहीतरी राहिलंय म्हणून मागे थांबले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

रेकॉर्ड पेठेत आली त्या संध्याकाळी तालमीपुढे जत्रा भरल्यासारखी गर्दी. बापू, आमच्या पेठेचा कर्णेवाला, त्यानं दोन कर्णे बांधले होते. कव्हरवर मंगलचा फोटो होता, नऊवारी, कपाळावर चंद्रकोर, हातात अब्बांनी बांधलेला डफ. कव्हर मी दोनदा उलटून बघितलं. पण म्हटलं असू दे, फोटोचं काय एवढं, कडव्यात नाव तर माझंच आहे. अब्बा इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले होते.

पहिली बाजू वाजली, दुसरी लागली. माझाच आवाज कर्ण्यातनं पेठभर जात होता. लढाई संपली, गड घेतला. शेवटचं कडवं आलं आणि आवाज बदलला. तार न लागणारा, घसरणारा, माझ्या ओळखीचा आवाज. डफ घेतला वस्तादानं, पेठ शिवाजी ठाव, लेक तयाची गाते शाहिरी, मंगल तिचं नाव.

तुम्हाला कळलं नाही असं मला सांगू नका. कुणाची म्हैस रेकली हे बोळाच्या तोंडाशी ओळखणारी माणसं तुम्ही. सगळा पोवाडा एकीचा आणि शेवटचं कडवं दुसरीचं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. क्षणभर माना एकमेकांकडे वळल्या. मग पुढच्या रांगेतून टाळी पडली आणि मागून सगळ्यांची. मंगल जमिनीकडे बघत होती. वस्ताद माझ्याजवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "एकदा खपू दे बाई. फुडच्याला तुझंच नाव." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तो गळ्याला जात न लावणारा माणूस मी तिथं शोधत होते.

पुढच्या रेकॉर्डला त्यांनी मला बोलावलं खरं, पण तेही तसंच, आवाज माझा आणि नाव मंगलचं. मी गेले नाही. कर्ण्यावर तो पोवाडा लागला की मी बोळ सोडून निघून जायची. इकडे पेठेनं मंगलचा सत्कार केला. पहिली महिला शाहीर म्हणून फेटा बांधला, गळ्यात हार घातला. मी एकटीच पुण्यामुंबईच्या दुसऱ्या कंपन्यांत गेले. गायला लावायचे, ऐकायचे आणि हसायचे. म्हणायचे, हा तर मंगलबाईंचा आवाज, तुम्ही त्यांची नक्कल छान करता. स्वतःच्या गळ्याची नक्कल केल्याचा आळ आलेली बाई दुसरी कुणी असेल तर तिनं मला जरूर भेटावं.

तरी हे सगळं मी पचवलं असतं. पचलं नाही ते अब्बांचं. तालमीतल्या त्या संध्याकाळनंतर दोन दिवसही झाले नसतील, अब्बा दुकानात बसले होते आणि मांडीवर वस्तादांचा डफ. नवं कातडं चढवत होते. मी विचारलं, लाज नाही वाटत? त्यांनी वर न बघता सांगितलं, "कातडं हाय त्ये. त्याचा काय गुन्हा?" त्यानंतर आमचं बोलणं तुटल्यासारखंच झालं. हुबळीची मावशी बोलवत होती, मी निघाले. तो स्टँडवरचा प्रसंग वर सांगितलाच.

हुबळीत मुलींच्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. तिथंच निकाह झाला, संसार झाला. भाकरीला रोट्टी म्हणायला लागले, जेवलीस का विचारायच्या ऐवजी "ऊटा आयता" तोंडात बसलं. मुली मला अक्का म्हणतात. आमटीला तिखट जास्त पडलं की ओरडतात, स्वल्प कमी, अक्का. मी म्हणते, कोल्हापूरची आहे, हात असाच पडणार. गाण्याचं कुणाला सांगितलं नाही. एकदा नवऱ्याला सांगितलं, तो भला माणूस, म्हणाला "होगली बिडू", जाऊ दे सोडून. सोडून द्यायला ते आधी माझ्या हातात तरी असायला हवं होतं. कोल्हापूरला येणं-जाणं लग्नकार्यापुरतं, आणि तेही बोळात न शिरता, चुलत्याच्या घरूनच परत.

ऐंशीच्या दशकात अब्बा गेले. मातीला पोचले नाही, तिसऱ्या दिवशी पोचले. दुकान आवरायचं होतं म्हणून राहिले. खुंटीवर तोच डफ, त्याच फडक्यात. उघडून टिचकी मारली. कातडं ताठ होतं, खणखणीत. इतकी वर्षं कुणीतरी त्याला ऊन दाखवल्याशिवाय असं राहत नाही.

त्याच आठवड्यात तालमीत कसलासा कार्यक्रम होता. दुपारी कर्ण्यावर माझा आवाज लागला. मी दुकानात खाली बसले. पोवाडा पुढे सरकत होता, लढाई, गड, सगळं. शेवटच्या कडव्याशी आला आणि खर्र असा आवाज होऊन बंद पडला. मंगलचं नाव आलंच नाही. मी तशीच चपला न घालता तालमीत गेले. बापू होता, केस पिकलेले, सुई हातात. मला बघून चपापला. मी विचारलं, कडवं का तोडलंस?

"म्या न्हाय तोडलं. तुला कुणी सांगितलं न्हाय व्हय?" बापू म्हणाला. "रेकॉर्ड वाजली त्याच्या दुसऱ्या दिवशी हुसेनभाई आलं. बापू, जरा बघू दे म्हनलं. कातडं कापायची रापी काढली आनि शेवटच्या कडव्यावर ओढली. वस्ताद हितंच बसलं हुतं. कोण काय बोललं न्हाय. तवापास्नं सुई तितं आली की अडती, मग मी उचलतो."

त्याच पोवाड्याची नवी रेकॉर्ड का नाही आणली, असं मी विचारलं. आणायला कुणी सांगितलंच नाही, म्हणाला. म्हणजे वस्तादाच्या डोळ्यांदेखत अब्बांनी ते खोटं कडवं खरवडून काढलं, आणि मग दुकानात येऊन त्या वस्तादाचाच डफ मांडीवर घेतला, कारण डफाचा खरंच काही गुन्हा नव्हता. आणि मला सांगितलं नाही. स्टँडवर मी तसं बोलले तेव्हाही नाही. रडू आलंच, पण त्याआधी राग आला, मेलेल्या माणसाचा. आणि त्याहून जास्त तुमचा आला. चोरी झाली तेव्हा तुम्ही गप्प होता, बापानं ती खरवडली तेव्हाही गप्प होता. इतकी वर्षं दरवेळी त्या जागेवर सुई उचलताना बघत होता, म्हणजे तिथं काय होतं ते पक्कं ठाऊक होतं. त्या रिकाम्या जागेत एकानंही माझं नाव घातलं नाही.

मी बापूला म्हटलं, "मग आता तू सांग. त्या कडव्यात नाव कुणाचं होतं?"

बापू वायर गुंडाळायला लागला. तालमीच्या पायरीवर दोघं म्हातारे बसले होते, त्यांच्याकडे त्यानं बघितलं. मग वस्तादांच्या घराकडे बघितलं. मग माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "तुझंच की, रेहाना."

डफ या खेपेला मी घेऊन आले. हुबळीत दर शुक्रवारी त्याला ऊन दाखवते. मुली विचारतात, अक्का, हे काय, वाजव की. मग मी फक्त शेवटचं कडवं म्हणते, अब्बांच्या नावासकट. त्यांना मराठी कळत नाही, तरी रेहाना म्हणजे ही आपली अक्का एवढं त्यांना कळलं आहे, आणि आता काही जणी अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मला तशीच हाक मारतात. ऐकायला बरं वाटतं. पण हुबळी माझं घर नाही. घर कुठलं असं कुणी विचारलं की माझ्या तोंडातून अजूनही शिवाजी पेठच निघते. जिथं माझं नाव सगळ्यांना माहीत आहे, आणि ते घ्यायच्या आधी माणसं आजूबाजूला बघतात, ते घर.