तीन गाठींची पुडी

माझी बायको इंदू गेल्यापासून सकाळी माझ्या घशाखाली काही उतरत नव्हते. ती आदल्या संध्याकाळी डबा करून ठेवी आणि मी तो घेऊन शाळेत जाई. आता डबा नव्हता आणि भूकही नव्हती. वर्गात फळ्यापाशी चक्कर येऊन बसलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सकाळी अंडं खा, नाहीतर शाळा सोडा." आमच्या पुण्याच्या गल्लीत अंडे हा शब्दसुद्धा हळू उच्चारतात. ते करायचे कसे आणि डब्यातून न्यायचे कसे, हे विचारायचे कोणाला? म्हणून नाताळच्या सुट्टीत मी वसईला निघालो. कॉलेजातला मित्र बाळकृष्ण तिथे केळी-पानवेली पिकवतो आणि त्याच्याकडे कोंबड्या आहेत, एवढे ठाऊक होते.

स्टेशनाबाहेर टांगा केला. थोडे पुढे गेल्यावर टांगेवाला म्हणाला, "तुम्ही मास्तर."

"कशावरून?"

"पुस्तक वाचत चढलात. पाय पायरीवर ठेवायचा तो चाकावर ठेवलात." मग माझ्या मनगटाकडे पाहून म्हणाला, "वाडीत राहा चार दिवस. इकडचं पानी गोड. जाड होऊन जाल."

उमेळ्याच्या पुढे वाड्या (इथे वाडी म्हणजे बागायत) सुरू झाल्या. दोन्ही बाजूंनी केळीची पाने रस्त्यावर वाकलेली. ऊनसुद्धा हिरवे होऊन खाली येत होते. कुठेतरी रहाट कुरकुरत होता. मला उगीचच हसू येऊ लागले. किती दिवसांनी, ते आठवेना.

संध्याकाळी बाळकृष्णाच्या बायकोने, सुमतीवहिनींनी, माझी परीक्षा घेतली. "भावजी, अंडं कधी फोडलंय?"

"पाहिलंय, वहिनी."

"लांबून," बाळकृष्ण म्हणाला.

पहिले अंडे माझ्या बाहीत गेले, दुसरे चुलीत. तिसरे पातेल्यात पडल्यावर दोघांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी त्यात कांद्याची पात, मेथी, हळद, मीठ आणि मूठभर तांदळाचे पीठ घालून फेटले. केळीचे पान विस्तवावरून फिरवून मऊ केले, त्याच्या द्रोणात मिश्रण ओतले, पान दुमडून पुडी बांधली आणि वाफवली. तेलाचा थेंब नाही. गार झाल्यावर वडीसारखी सुटते आणि थंडीच्या दिवसांत सकाळपर्यंत छान राहते. उजाडण्याआधी रहाटाला रेडा जुंपायचा असतो, तेव्हा चूल पेटवायला वेळ कोणाला? म्हणून ही न्याहारी संध्याकाळीच होते.

पुड्या केळीच्या सोपाने (खोडाच्या सालीने) बांधतात. अंधारात ज्याची त्याला मिळावी म्हणून प्रत्येकाच्या गाठी वेगळ्या. बाळकृष्णाची एक, वहिनींच्या दोन, पाहुणा म्हणून माझ्या चार. सगळ्या पुड्या शिंक्यात गेल्या.

पहाटे मी शिंक्यात हात घालून गाठी चाचपल्या, आपली पुडी काढली आणि दोघांच्या मागून विहिरीवर गेलो. तांबडे फुटत होते. मोठा घास घेतला आणि कानांतून वाफा निघाल्या. मी रहाटाच्या पोहऱ्याला तोंड लावून पाणी प्यायलो, तरी आग थांबेना. बाळकृष्णाने खाली पडलेला सोप उचलून पाहिला. त्याला तीनच गाठी होत्या.

"आईची खाल्लीस," तो म्हणाला.

त्याची आई आषाढात गेली, हे मला पत्राने कळले होते. त्यांच्या घरची रीत अशी, की गेलेल्या माणसाच्या वाटणीचे वर्षभर त्याच्याच चवीने करायचे आणि सकाळी वाटेत जो पहिला भेटेल त्याला द्यायचे. आईला मिरची फार लागे.

मी गडबडून माफी मागू लागलो. वहिनी पदराआडून हसत होत्या. "माफी कसली? आज पहिले तुम्ही भेटलात. पण संपवा हं. पानात टाकलेलं सासूबाईंना खपायचं नाही."

मी संपवली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि आम्ही तिघेही हसत होतो. पुडी रिकामी झाली तेव्हा ध्यानात आले, की आज मी सकाळी जेवलो.

परतताना वहिनींनी तुसात रचलेली अंडी आणि केळीच्या पानांची गुंडाळी दिली. पुण्यात लोक विचारतात, वसईचा किल्ला पाहिला का? नाही पाहिला. अंडी फुटतील म्हणून टांगासुद्धा वाकडा नेऊ दिला नाही.

घरी पोचलो त्याच संध्याकाळी मागच्या अंगणात शेगडी पेटवून दोन पुड्या केल्या. इंदूच्या पुडीत मिरची नाही, चिमूटभर साखर. वरणापासून भाजीपर्यंत तिला साखर लागे. अंडे तिने कधी खाल्ले नव्हते. एकदा खाऊन पाहायचे मात्र तिच्या मनात होते.

सकाळी दार उघडले, तर पहिले भेटले आप्पा. गल्लीतले सर्वांत वडील, नदीवरून स्नान करून येत होते. त्यांच्या घरात कांदासुद्धा येत नाही. असे कोणी भेटले तर काय करायचे, हे वहिनींनी सांगितले नव्हते.

"काय रे हातात?"

"इंदूच्या वाटणीचं आहे, आप्पा. पण त्यात अंडं आहे."

आप्पांनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिले. "डॉक्टर मलाही तेच म्हणालाय," ते पुटपुटले आणि पुडी पंच्याच्या घडीत घेऊन चालू लागले.

मी शाळेत जाऊन माझी पुडी सोडली, पण हसू आवरेपर्यंत घास घेता येईना. मग सगळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्या दाराशी आधीच येऊन उभे होते. "कालचं जरा गोड होतं," ते म्हणाले.

"तिला तसंच लागतं," मी म्हणालो आणि पुडी त्यांच्या हातात ठेवली. मला भूक लागली होती. शाळेचा कोपरा यायच्या आतच मी माझी सोडली.