गाडी का माडी

आमच्या घरात एक जुनी पिकअप आहे. ती माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे, म्हणजे नात्याने माझी थोरली जाऊच लागते. तिचा मान मी पहिल्या दिवसापासून ठेवलाय, कारण घरातला कुठलाही बेत आधी तिला झेपेल का ते बघून ठरतो आणि मग मला कळतो. तापीकाठच्या आमच्या शेतातली मिरची, पपई, केळी तिने वाहिली, माझा रुखवतही तिनेच आणला. तिचा एक दरवाजा आतून उघडत नाही आणि हॉर्न बाराही महिने सर्दी झाल्यासारखा वाजतो.

गाडी सासऱ्यांची. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. गुडघे गेल्यापासून आप्पा ती चालवत नाहीत, चालवतो माझा नवरा. पण डावीकडची खिडकीजवळची जागा आप्पांचीच. तिथे दुसरं कोणी बसलं तर ते नुसते बाहेर उभे राहून त्याच्याकडे बघत राहतात. माणूस आपोआप उठतो.

वर्षभरात आप्पांचा एकच प्रवास ठरलेला, भाऊबीजेला बहिणीकडे. ही त्यांची थोरली बहीण म्हणजे नवऱ्याची आत्या, आमची फुई, खांडबाऱ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी दिलेली. एसटी खांडबाऱ्यापर्यंत नेते. पुढच्या रस्त्याला रस्ता म्हणायचं म्हणून म्हणायचं. मध्ये एक नाला आहे, त्यावर पुलाच्या नावाने एक ठेंगणी फरशी आहे. ती फरशी दर पावसाळ्यात थोडी वाहून जाते आणि दर उन्हाळ्यात कोणीतरी येऊन तिचे फोटो काढून जातं. फुईचेही गुडघे कामातून गेलेत. पूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी यायची, तेही बंद झालं. त्यामुळे भावाबहिणीची भेट वर्षातून एकदा, आणि तीही या गाडीच्या भरवशावर.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत त्या फरशीवरच्या एका दगडाने गाडीचं ऑइलचं चेंबर फोडलं. सगळं ऑइल नाल्यात गेलं. ट्रॅक्टरला बांधून गाडी परत आली. आत आप्पा तसेच बसलेले, मांडीवर फुईसाठी घेतलेल्या साडीची पिशवी. नवरा म्हणाला, “आप्पा, सकाळी दुसऱ्याची गाडी सांगतो, उद्या जाऊ.”

“बीज गई,” आप्पा म्हणाले. “आते काय तीजले जाऊ?”

खरा घाव बसला तो नंतर. फुईच्या मुलाचा फोन आला, तेव्हा तो बोलता बोलता सांगून गेला की आई अंधार पडेपर्यंत ताट घेऊन बसली होती, आणि मग अंगणात जाऊन चंद्राला ओवाळून आली. आता चंद्राला ओवाळायचं ते भाऊ नसलेल्या बायकांनी. नाहीतर भाऊ कुठे साता समुद्रापार असेल तर. इथे भाऊ तर धडधाकट, तापीकाठी पपईच्या बागेत बसून तंबाखू मळतोय.

“मी जित्ता शे,” आप्पा म्हणाले, “आनि ती चंद्रले ओवाळस?”

पुढे कित्येक दिवस अंगणात चांदणं पडलं की आप्पा उठून घरात जायचे. चंद्राशी भांडण धरलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते, म्हणून सुरुवातीला मला हसू यायचं. मग एकदा त्यांना त्या साडीची पिशवी कपाटातून काढून परत ठेवताना पाहिलं, आणि हसू गेलं.

नवऱ्याने मनावर घेतलं. पुढच्या भाऊबीजेला आप्पांना फुईच्या दारात नेऊन उतरवायचंच, मग नाल्यात दगड असो की डोंगर. त्यासाठी गाडी उंच करायची. मी म्हटलं, फुटलं ते चेंबर, त्याच्याखाली एक जाड पत्रा ठोका आणि मोकळे व्हा. नवऱ्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघितले होते. त्यात परदेशातले दाढीवाले लोक चांगली गाडी मुद्दाम चिखलात घालतात, मग बाहेर काढतात आणि आनंदाने ओरडतात. आमच्याकडे पावसाळ्यात हे फुकट होतं. ओरडतो आम्हीही, फक्त शब्द वेगळे असतात.

सामान सुरतेहून आलं. बसवायला नंदुरबारच्या एका गॅरेजात गाडी ठेवली. तिथल्या मिस्त्रीला काहीही विचारा, तो एकच सांगायचा, “हुई जाई.” हे या गाडीला बसेल का? हुई जाई. आधी कधी बसवलंय का? हुई जाई. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे बसले, पुढून गाडी तितकीच वर उचलली. टायर असे आले की ट्रॅक्टरचे धाकटे भाऊ वाटावेत. पुढे नळ्यांचं जाडजूड बंपर लागलं, छतावर दिव्यांची लांब पट्टी आली. बोनेटच्या बाजूने एक काळी नळी छतापर्यंत चढली. गाडी पाण्यात बुडत असेल तर इंजिनाने वरून श्वास घ्यावा म्हणून. दिवाळीत त्या नाल्याला घोट्याएवढं पाणी असतं, हे मी तोंडावर आलेलं गिळलं. आणि सगळ्यात शेवटी, आता आलोच आहोत तर, म्हणून चेंबरखाली पत्राही बसला.

गाडी घरी आली तेव्हा सगळी गल्ली जमली. शेजारीण त्या नळीकडे बघत म्हणाली, “हाई धुराडं कसानं शे वं? आत सैपाक करतस का?” नवरा तिला समजावून सांगायला लागला, ती ऐकता ऐकता घरी गेली. मी नारळ फोडला. आप्पा स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून आपल्या जागेवर बसायला पुढे आले. दरवाजा उघडला. पाय उचलला. पाय जिथवर उचलला गेला तिथपासून गाडी अजून बरीच वर होती. त्यांनी पाय खाली ठेवला, गाडीकडे मान वर करून पाहिलं.

“हाई गाडी शे का माडी?” म्हणाले, आणि घरात निघून गेले.

बहिणीकडे नेण्यासाठी उंच केलेल्या गाडीत आप्पा चढूच शकत नव्हते. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी बघितला. पायरी लाव म्हटलं, तर खाली लोंबणारी पायरी दगडाला लागणार, मग गाडी उंच करून उपयोग काय, हा त्याचा सिद्धांत. स्टूल ठेवतो, हात देतो, म्हणाला, तर आप्पा कडाडले, “मन्ही गाडीमा मी पोतासारखा चढसू?” दोघांचा हट्ट एकाच खाणीतला. दसरा गेला, फराळाची भाजणी दळून आली, तरी गाडी दारात उभी आणि आप्पा घरात. मला आता काळजी वाटायला लागली होती. यंदाही फुई चंद्राला ओवाळणार की काय, हा विचार मला शाळेत मुलांच्या वह्या तपासतानाही छळायचा.

तोड काढली शेळीने. गाडी ओट्याला खेटून लावली होती, दरवाजा उघडा होता. आमची शेळी ओट्यावरून चालत चालत सरळ आप्पांच्या जागेवर जाऊन बसली आणि सीटचा फोम खायला लागली. ओटा आणि गाडीची उंची आता अगदी बरोबर झाली होती. मी आप्पांना बोलावलं. आप्पा बाहेर आले, नेहमीसारखे नुसते शेळीकडे बघत राहिले. शेळी उठली. मग ओट्यावरून दोन पावलं टाकून ते स्वतः आपल्या जागेवर जाऊन बसले आणि म्हणाले, “हां, आते शे गाडी.”

भाऊबीजेला माझा भाऊ सकाळीच ओवाळून घेऊन पळाला. आम्ही तिघं निघालो. नवरा चालवायला, मधे मी, गुडघ्याला गिअर, खिडकीत आप्पा साडीची पिशवी घेऊन. या वर्षीची साडी आणि गेल्या वर्षीची, दोन्ही. नाल्याच्या फरशीवरून गाडी अशी गेली की खालच्या दगडांना कळलंही नाही. नवऱ्याने भर दुपारी छतावरचे सगळे दिवे लावले. आप्पा मिशीत हसले. हे मी पाहिलं आणि मनातल्या मनात नवऱ्याचे सगळे ठोकळे, टायर, धुराडं माफ करून टाकलं.

फुईच्या अंगणात गाडी थांबली. फुई दारात ताट घेऊन उभीच होती. आप्पांनी दरवाजा उघडला, खाली पाहिलं, आणि तेव्हा आम्हा तिघांच्याही एकदम लक्षात आलं की ओटा आमच्या घरी राहिला.

फुईकडे ओटा होता. पण तिच्या मुलाने नुकताच तो पाडून दारापर्यंत चकचकीत फरशा बसवल्या होत्या, मोटरसायकल सरळ घरात नेता यावी म्हणून. नवरा म्हणाला, मी पाठीवर घेतो. आप्पांनी मान हलवली. हे बहिणीचं सासर. इथे भावाने पोराच्या पाठीवरून उतरायचं? कोणी प्लास्टिकची खुर्ची आणली, तिचा पाय आप्पांनी काठी टेकवताच वाकला. तोवर आळी गोळा झाली, त्यात सल्ले देणारे जास्त आणि हात देणारे कमी. फुई ताट घेऊन खिडकीखाली येऊन उभी राहिली. तिची टाळू दरवाजाच्या कडीला लागत होती.

“गाडी उच्ची झायी,” ती म्हणाली, “भाऊ मातर व्हता तितलाच ऱ्हायना.”

अंगणाच्या टोकाला उकिरडा होता. त्या वर्षी पाऊस आधीच लागल्याने खत शेतात टाकायचं राहून गेलं होतं, त्यामुळे ढीग छातीपर्यंत चढलेला. वरून वाळून घट्ट झालेला, माथ्यावर पाडव्याला ठेवलेली पणती तशीच. मी म्हटलं, “आप्पा, गाडी त्याला लावली तर?”

“मी भाऊ बनीसन उनू,” आप्पा गरजले, “कोंबडा नही!”

सगळी आळी हसली. फुईही हसली. मग ती गाडीच्या पुढे गेली आणि तिने चक्क बंपरला ओवाळायला सुरुवात केली. “आते यालेच ओवाळस. हाऊ तरी मन्हा हातले लागस.” बंपरला कुंकू लागलं, अक्षता पडल्या, एका दिव्यावर सुपारी फिरली. लोकांची हसून पुरेवाट झाली, माझीही. आप्पा वर बसून कपाळाला आठ्या घालत होते.

फुई परत खिडकीखाली आली. ताट तिने उचलून बघितलं, खिडकीच्या कडेपर्यंत जेमतेम गेलं. हात भरून आले म्हणून खाली घेतलं. मग ती हळूच बोलली, लोकांसाठी नाही, फक्त वर बघून.

“मांगला साल चंद्रले ओवाळं. तो बी असाच व्हता, उच्च, हात पोचेच ना. पन तो उतरी असं माले कधी वाटनं नही. तू उतरशी असं वाटनं व्हतं.”

हसणं थांबलं. आप्पा समोरच्या काचेतून पुढे बघत राहिले. मग नवऱ्याला म्हणाले, “गाडी मांगे ले.”

“कोठे?”

“तठे. उकिरडाकडे.”

नवऱ्याने आयुष्यात इतक्या जपून गाडी मागे घेतली नसेल. आप्पांच्या बाजूचा दरवाजा ढिगाला खेटून उघडला. पांढरं धोतर एका हातात धरून, दुसऱ्या हाताने काठी टेकत आप्पा उकिरड्यावर उतरले आणि उभे राहिले. दुसऱ्या बाजूच्या उतारावरून मी आणि फुईच्या मुलाने फुईला वर चढवलं. बारा वर्षांनी उकिरड्याचंही नशीब उघडतं म्हणतात, त्याचं त्या दिवशी उघडलं. वाऱ्याने निरांजन दोनदा विझलं. शेवटी पाडव्याच्या पणतीत तेल घालून ती पेटवली आणि त्या पणतीनेच फुईने भावाला ओवाळलं. मग तिने त्याच्या दोन्ही गालांना हात लावून बघितला. आप्पांनी तिला दोन्ही साड्या दिल्या. मला रडू आलं. नवऱ्याला माझ्या आधी आलं होतं, म्हणून तो टायर तपासायला खाली वाकला होता.

हे झालं गेल्या दिवाळीत. या उन्हाळ्यात नवऱ्याने आपणहून ठरवलं की ठोकळे काढून गाडी खाली करायची. मिस्त्रीला फोनही झाला. हुई जाई, म्हणाला. त्याच दिवशी संध्याकाळी फुईच्या मुलाचा मला फोन आला, अगदी वैतागलेला.

“वहिनी, समदा गावना उकिरडा खाली झाया. आमना तेवढा खांदाइतला डोंगर शे. ट्रॉली दारमा उभी शे आनि माय कोनले हात लावू देत नही.”

मागून फुईचा आवाज आला, फोन हिसकावून घेतल्याचाही आला. “भाऊबीज होऊ दे, मंग उचला. मन्हा भाऊना ओटा शे तो.”

मी आप्पांना जाऊन सांगितलं. ते ओट्यावर चहा पीत होते. शेजारी गाडी, वर चंद्र, आणि आप्पा बाहेरच बसलेले. त्यांनी बशी संपवली, मिशी पुसली.

“कितला उच्चा झाया म्हने आते?”

मी खांद्याला हात लावून दाखवला. आप्पांनी आधी माझा खांदा पाहिला, मग गाडीचा दरवाजा पाहिला, आणि घरात पुन्हा मिस्त्रीशी फोनवर बोलत असलेल्या नवऱ्याला हाक मारली.

“ठोकळा ऱ्हाऊ दे रे. बराबर शे.”