वाघदेवाशी अबोला

तलासरीजवळच्या वेवजी गावात चिमणला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्याच्या तोंडून एकदा तरी शिवी खाल्ली नाही असाही नाही. सीमेपलीकडे उंबरगावच्या कारखान्यात त्याने फिटरचं काम केलं, त्यामुळे मराठीत आणि गुजरातीत त्याला सारख्याच सफाईने भांडता येतं. कारखाना सुटल्यापासून तो घरची भातशेती बघतो आणि उरलेल्या वेळात लाकूड तासतो. विकायला नाही. पाट, लाटणी, डाव, पोरांना ढकलायच्या गाड्या, कोणी मागितलं की देतो. आणि देताना "नीट वापरायचं नसेल तर आत्ताच परत कर" असं ऐकवतो.

रविवारी सकाळी हत्यारं गोणपाटात गुंडाळून तो मुकेशकडे जातो. मुकेश त्याच्याच पाड्यातला, त्याच्याच वयाचा. तलासरी नाक्यावर त्याचं रिक्षा दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि घरामागे पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये दोघे कित्येक वर्षं काहीबाही बनवत बसत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यात रूपेश येऊन मिळाला. तिशीचा पोरगा, डहाणू रोडला स्टेशनजवळ मोबाईलचं दुकान. व्हिडिओ बघून बघून त्याला सुतारकामाचं वेड लागलं होतं, आणि दर महिन्याला तो एखादं नवं हत्यार कुरिअरने मागवून मोटरसायकलवर बांधून आणायचा.

शेडमध्ये कोणी कोणाशी गोड बोलत नसे. मुकेशच्या स्टुलावर बसण्याआधी घरच्यांचा निरोप घ्यावा, असं चिमण म्हणायचा. चिमण तासभर पटाशीला धार लावतो आणि मग चहाची वेळ झाली म्हणून उठतो, असं मुकेश म्हणायचा. रूपेशची जपानी करवत ओढताना कापायची, ढकलताना नाही. तिला चिमण 'उलट्या डोक्याची' म्हणायचा आणि तिच्या मालकालाही तेच नाव लावायचा. लाकडाच्या ढिगात एक धामण राहायची. उंदीर खाते म्हणून तिला मारायचं नाही, असं दोघा म्हाताऱ्यांचं म्हणणं. चिमण मुद्दाम रूपेशची बसायची जागा ढिगाला लागून ठेवायचा, आणि काही सळसळलं की तो उडाला म्हणून हसायचा. रूपेशही हसायचा, पण घरी जाताना त्याचा चेहरा उतरलेला असे.

मग दसरा आला. हत्यारांना झेंडू वाहिला की त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक. रूपेशने आपल्या ड्रिलला हार घातला, त्याच्यासोबत सेल्फी काढली आणि हारासकट फळीत भोक पाडायला घेतलं. चिमण चहा न घेता निघून गेला.

त्याच आठवड्यात पाड्यातली जाणती माणसं चिमणच्या अंगणात आली. शिवेवरचा वाघदेव वाळवीने पोखरला होता आणि पावसाळ्यात मोडून पडला होता. दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारसेच्या आत नवा उभा करायला हवा. लाकडात वाघ कोरायचा, वर चंद्र आणि सूर्य. कोरणाऱ्याने काम होईपर्यंत दिवसा उपाशी राहायचं. पडलेल्या सागाचा ओंडका मिळाला होता. हात चिमणइतका कोणाचा बसलेला नव्हता.

चिमणने त्यांना बसायलाही सांगितलं नाही. "त्याचं माझं बोलणं नाही," एवढंच म्हणाला आणि आत गेला. माणसं ओंडका मुकेशच्या शेडमध्ये टाकून परतली.

रविवारी रूपेश नवा ग्राइंडर घेऊन आला. त्याला कोरीवकामाची दातेरी चकती होती. ओंडका बघून तो खूश झाला. अशा चकतीने दोन तासांत वाघ निघेल, बोर्डीच्या रिसॉर्टवाल्यांनाही असे वाघ हवे असतात, असं बरंच काही बोलला. चिमण मान खाली घालून वाकसाने डाव तासत होता. त्याला बोलतं करावं म्हणून रूपेशने विचारलं, "काका, तुम्ही या वाघदेवाला वर्षाला एक कोंबडी देता, म्हणून हा तुमची माणसं सोडून देतो ना? का चवीला थोडं चाखतो?"

मुकेशने त्याला गप्प बसायची खूण केली, पण तोवर चिमण उठला होता. हातातला वाकस त्याने ग्राइंडरवर घातला. एकदा, मग पुन्हा. प्लास्टिकचे तुकडे रूपेशच्या पायावर उडाले.

"पुढचा घाव तुझ्यावर," चिमण म्हणाला आणि हत्यारं गोळा करून चालू लागला.

तो गेल्यावर मुकेशने रूपेशला सांगितलं. चिमणची बायको तानी पूर्वी एका पहाटे मोहाची फुलं वेचत होती. वाकलेली बाई बघून बिबट्याने झडप घातली आणि तिचा डावा हात धरला. तानीने फुलांची टोपली त्याच्या तोंडात कोंबली आणि स्वतःला सोडवलं. हात राहिला, पण बोटं मिटेनात. त्याआधीच्या वाघबारसेला चिमणनेच देवाला शेंदूर लावला होता, कोंबडीही त्याचीच होती. त्या पहाटेपासून तो शिवेवर फिरकला नव्हता. वाट वाकडी करून जायचा, पण देवासमोरून जात नसे.

रूपेश बराच वेळ तुकडे उचलत राहिला.

दिवस थोडे उरले होते, म्हणून काम मुकेशने अंगावर घेतलं. त्याने उपास धरला. रूपेश दुकान नोकरावर सोपवून रोज येऊ लागला. पश्चात्ताप म्हणून की चिमणला दाखवून द्यायचं म्हणून, हे मुकेशलाही कळलं नाही. त्याने दुसरा ग्राइंडर आणला. जाणत्यांनी कुरकुर केली, पण थांबवलं नाही.

यंत्राचा आवाज चिमणच्या ओटीपर्यंत येत असे. तो तानीला ऐकवायचा की मुकेशला साधा पाट सरळ जमत नाही, आणि तो डहाणूचा दीडशहाणा देवाचं खेळणं करून ठेवणार. दोन दिवस तानीने ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी वाढता वाढता तिने ताट बाजूला ओढलं.

"हात माझा गेला. माझा देवाशी काही वाद नाही. तू कशाला चालवतोस?"

"मी त्याला कोंबडी दिली होती."

"दिली होतीस. आणि मी ओरडले तेव्हा तू पुढच्याच झाडाखाली होतास. तू उशिरा आलास म्हणून इतक्या वर्षांत मी एक शब्द बोलले का? मग ते त्याच्यावर कशाला ढकलतोस?"

तानीने ताट पुन्हा पुढे केलं नाही आणि त्याने मागितलंही नाही. तो गोणपाट उचलून बाहेर पडला.

शेडमध्ये ओंडका आडवा ठेवलेला होता. वाघाचं अंग, शेपूट, वरचे चंद्र-सूर्य बरे उतरले होते. तोंड मात्र फसलं होतं. डोळे वटारलेले, कान उभे, जीभ बाहेर.

"हा वाघ आहे का मुंगूस?" चिमण दारातून म्हणाला.

रूपेश ओंडक्याच्या आड उभा राहिला. "लांब राहा. पुन्हा वाकस चालवलात तर सरळ पोलिसात जाईन."

चिमणने त्याच्याकडे बघितलंही नाही. मुकेशने विचारलं, "जेवलास का?"

"नाही."

"मग बस."

चिमण बसला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्याने तोंड नव्याने कोरलं. मुकेशने कोरलेलं तोंड आधी तासून टाकलं. तोंड अर्धी वीत आत गेलं. कान मागे दुमडले, डोळे बारीक केले, वरचा ओठ जरासा उचलला. त्या दोन दिवसांत रूपेशशी तो आपणहून एकच वाक्य बोलला: ते यंत्र बंद कर, मला लाकूड ऐकू येत नाही. रूपेशने बंद केलं, आणि दुपारी आपलं सामान बांधायला घेतलं.

जाताना तो थांबला. "काका, मला तानीकाकूंचं माहीत नव्हतं."

"आता झालं ना माहीत," चिमण म्हणाला. ग्राइंडरविषयी तो काही बोलला नाही. मुकेशने मध्ये पडून दोघांना चहाला बसवायचा प्रयत्न केला, पण रूपेशने मोटरसायकल सुरू केली होती.

वाघबारसेला देव शिवेवर उभा राहिला. शेंदूर लागला, नारळ फुटले, कोंबडी झाली. चिमणने या खेपेला वाट वाकडी केली नाही. सगळ्यांच्या मागे हात पाठीशी बांधून उभा राहिला. कोणीतरी शेंदराची वाटी पुढे केली तर त्याने ती तशीच शेजारच्याकडे सरकवली. तानी जवळ जाऊन बराच वेळ तोंड निरखत होती. परत येऊन त्याला म्हणाली, "कान असेच होते."

"ठाऊक आहे," चिमण म्हणाला.

रूपेश नंतर शेडकडे फिरकला नाही. डहाणू रोडला घराच्या गच्चीवर त्याने स्वतःची जागा केली आहे, असं मुकेश सांगतो. मुकेश तिकडेही जातो आणि त्यापायी चिमणच्या शिव्या खातो. चिमणने रूपेशचं नाव टाकलं आहे. 'तो' एवढंच म्हणतो, आणि अजूनही चांगलं काही म्हणत नाही.

गेल्या महिन्यात डोंगराकडच्या एका पाड्यातून तीन माणसं त्याच्या अंगणात आली. त्यांचाही वाघदेव मोडला होता. चिमणने त्यांना दोन्ही भाषांत धुऊन काढलं: मी सुतार नाही, भगत नाही, तुमच्या बापाचा नोकर नाही. माणसं उठून कुंपणाच्या बेड्यापर्यंत गेली, तेव्हा त्याने मागून विचारलं, लाकूड कसलं आणलंय.