गाडीची खांदेमळण

आधी माफी मागतो. मी काही लिहावं एवढा मोठा माणूस नाही. आमच्या घरात लिहिणं म्हणजे सही करणं, आणि तीही माझ्याआधी कुणी केली नाही. आबा, म्हणजे माझे वडील, अजून अंगठा देतात. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि निबंधाशिवाय काही लिहिलेलं नाही. त्यात विषय गाडीचा, आणि मी मेकॅनिकही नाही. पण त्या दिवशी ओढ्यात अडकलेल्या गाडीपाशी मी एकटा होतो आणि त्यात माझी चूक किती होती, हे मलाच नीट माहीत आहे. म्हणून लिहितो.

आमचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं, थोडी शेतीही. आबांचा गुडघा गेल्यावर मेंढरं कमी झाली आणि मागच्या वर्षी बैलजोडीही विकली. त्या पैशात एक जुनी पांढरी गाडी आली. आमच्याआधी तिनं तीन मालक पाहिले होते. ती उभी राहायची गोठ्यात, बैलांच्याच जागेवर, गव्हाणीकडं तोंड करून.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदेमळण असते. वर्षभर जू ओढून घासलेले बैलांचे खांदे हळद-तुपानं मळायचे. बैल नसलेला तो आमचा पहिलाच पोळा. तरी आबा हळद-तुपाची वाटी घेऊन गोठ्यात आले आणि गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हिचे खांदे कुठं हायत रं?"

"आबा, गाडीला खांदे नसतात."

"वढती का न्हाई? मग कशानं तरी वढतच आसंल की."

मी बॉनेट उघडलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मला थोडंफार कळायचं. अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलापासून इंजिनापर्यंत एक केबल येते आणि गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन. आपण पाय दाबला, दांडा हलवला, की या केबली ओढल्या जातात. एवढं सांगून मी मोठा शहाणपणा केला, असं मला तेव्हा वाटलं.

"मग हेच खांदे," आबा म्हणाले. "मळ."

केबलींची टोकं प्लास्टिकच्या खोबणीत बसवलेली असतात. गोठ्यात उंदीर किती आहेत, तेही मला माहीत होतं. बहीण दारात उभी होती. ती बारावी झालेली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण बोलायला माझ्यासारखी कचरत नाही. "दाद्या, तुपावर उंदरं येतेल की," ती म्हणाली.

आबांच्या हातात वाटी होती. बैल गेल्यापासून ते संध्याकाळी गोठ्याकडं फिरकत नसत. मला नाही म्हणवलं नाही. "एवढ्याश्यानं काय होतंय," असं म्हणून मी तिन्ही केबलींची टोकं बोटांनी नीट मळली.

पोळ्याच्या दिवशी दुपारी बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची शेवटची यादी लागली. तिचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन बीडला हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या नावाला जाणार. जागा गेली तर दिवाळीनंतर तिचं लग्न, असं काही ठरलं नव्हतं. पण पाहुणे एकदा येऊन चहा पिऊन गेले होते. तिनं कागदांची पिशवी उशाशी घेतली होती.

दुसऱ्या दिवशी कर होती. पोळ्याच्या करीला आमच्या भागात कुणी कामाला हात लावत नाही. गॅरेज बंद, वडापच्या जीपा बंद, आणि आमच्या फाट्यावरची एसटी आलीच नाही. गाडीच काढावी लागली. आबा पुढं बसले, बहीण मागं. मागच्या सीटवर आबांचं घोंगडं अंथरलेलं असायचं.

उमापूर मागं पडलं. गेवराईच्या अलीकडं रस्ता एका ओढ्यात उतरतो आणि लगेच वर चढतो. खाली पुलाऐवजी नुसती फरशी आहे. फरशीवरच्या खड्ड्यात चाक आदळलं आणि माझ्या पायाखालचं पेडल एकदम ढिलं झालं. दाबलं तर खालीच गेलं, इंजिनाला काही कळलं नाही. गिअर बदलायला गेलो तर दांडा चारी बाजूंना लुळा फिरला. गाडी जरा पुढं सरकली आणि थांबली. पुढं चढ, मागंही चढ.

बॉनेट उघडलं तेव्हा साडेनऊ वाजले होते. हळदीचा पिवळा रंग अजून होता. त्यावर मुंग्या होत्या, आणि प्लास्टिकवर बारीक दातांच्या खुणा. पेडलाच्या केबलीला धरून ठेवणारा चाप कुरतडलेला होता, त्यामुळं केबल जागेवरून निसटून लोंबत होती. गिअरच्या दोन्ही केबलींची टोकंही गिअरबॉक्सवरच्या खिळीवरून सुटली होती.

आबांनी वाकून बघितलं. दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं. "आरं, आपनच जेवाय घातलं की उंदरांला," ते म्हणाले.

बहिणीनं कागदांची पिशवी गाडीतून काढून खांद्याला अडकवली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तासभर रस्त्यावर कुणी आलं नाही. मग एक दूधवाला आला, मोटरसायकलला दोन रिकामे कॅन लावलेला. त्याच्या जनावरांना कर माहीत नव्हती, म्हणून त्यालाही सुट्टी नव्हती. आबांनी त्याला सगळं सांगितलं. त्यानं बॉनेटमध्ये डोकावून बघितलं, बोटानं तूप पुसलं आणि हुंगलं.

"घरचं हाय व्हय? लई भारी हाय. कावून बे, गाडीला धपाटे बी चारलेस का?"

मी शर्टाच्या टोकानं उरलेलं तूप पुसू लागलो.

"चला मामा, दोघं बसा. गेवराईला सोडतो, तिथून बीडची गाडी मिळंल. कॅन ह्याच्या गाडीत ऱ्हाऊ द्या. सांजच्या धारेआधी वापस येताना नेतो." आणि मला म्हणाला, "कॅन सोडून जाऊ नको. उंदरांला बी घालू नको."

बहिणीनं माझा मोबाइल मागितला. प्रवेशाचा ओटीपी माझ्याच नंबरवर येणार होता. मी दिला. ती आबांच्या मागं बसली, पिशवी पोटाशी धरली आणि ते तिघं चढ चढून गेले. ती मागं वळून बघेल असं मला वाटलं होतं.

मग मी, गाडी आणि दोन कॅन. बाहेर ऊन, आत आंबट दुधाचा वास. फोन नाही. गाडी सोडून जावं तर ती भर रस्त्यात, आणि कॅन दुसऱ्याचे. दोन्ही चढांच्या वर काय आहे तेही तिथून दिसत नव्हतं. फक्त आभाळ.

मी आधी पेडलाची केबल घेतली. तिला तिच्या जागेवर बसवलं, पण चाप नसल्यानं ती पुन्हा निसटायची. बांधायला दोरी हवी होती. शेवटी घोंगड्याच्या कडेच्या दश्या उसवल्या आणि तीन पदरांचा पीळ घातला. लोकर तेलकट असते, तरी घट्ट धरते. कोकराच्या पायाला बांधतात ती गाठ मी लहानपणी शिकलो होतो. ओढली की आवळते, पण पायाला काचत नाही. ती मारली आणि गाडी चालू केली. इंजिन एवढ्या जोरात ओरडलं की मी घाबरून चावी बंद केली. केबल जास्त ताणली गेली होती. सोडून पुन्हा बांधली, तर ढिली झाली. चौथ्या वेळेला इंजिनाचा आवाज पायाबरोबर वर-खाली होऊ लागला. तोवर मनगट दोनदा भाजलं होतं.

गिअरच्या केबली बॅटरीच्या खाली, हात वाकडा केल्याशिवाय न पोचणाऱ्या जागी. एक टोक खिळीवर दाबून बसवलं आणि दशीनं गुंडाळलं. दुसऱ्याची खोबण अर्धीच उरली होती. ती बसेचना. दांडा हलवून बघितला: तिसरा पडतो, चौथा पडतो. पहिला आणि दुसरा, जे चढाला लागतात, ते नाहीत. तिसऱ्यावर गाडी दोन हात पुढं गेली, थरथरली आणि बंद पडून परत फरशीवर आली. असं मी किती वेळा केलं ते सांगत नाही.

घड्याळ नव्हतं. सावली गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेली तेव्हा तीन वाजून गेले असतील, असं धरलं. आता जे व्हायचं ते झालेलं होतं आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी फरशीच्या कठड्यावर बसलो. आबा सहीच्या जागी अंगठा देताना कसे ओशाळतात, ते आठवत राहिलं. खिडकीतला माणूस बहिणीला उशिरा का आलात विचारेल, तेव्हा ती काय सांगेल? आम्ही गाडीचे खांदे मळले? एक वाक्य त्या संध्याकाळी बोललो असतो तर आबा रागावले असते, फार तर. आणि ते रागावलेही नसते. मला ते तेव्हाही माहीत होतं.

मग पुन्हा बॉनेटमध्ये हात घातला. खोबणीत उरलेल्या जागेत लोकर कोंबली आणि खिळीसकट गाठ मारली. दांडा हलवला. पहिला पडला. खात्री पटेना म्हणून बाहेर काढून परत टाकला.

तेवढ्यात समोरच्या चढावरून मोटरसायकल उतरताना दिसली. दूधवाला एकटाच होता. त्यानं गाडी लावली, आधी कॅनची झाकणं उघडून बघितली, मग माझ्या काळ्या हातांकडं.

"पडला का गिअर?"

"पडला. तिकडचं काय झालं?"

"दम धर की बे." त्यानं एक कॅन उचलून अडकवला. "गेवराईत उतरताना माझा नंबर दिलता, तुझ्या बहिनीचा फोन आलता. बीडची गाडी लई उशिरा मिळाली, तीनला वीस मिनटं कमी असताना पोचले. खिडकीवाला लई बोलला म्हनं, पन कागद घेतले. नाव लागलं तिचं. उद्यापासूनच वर्ग हायत, म्हनून होस्टेलवर ऱ्हायली. तुझे आबा येतेत शेवटच्या गाडीनं."

मी काळे हात पँटला पुसले. त्यानं दुसरा कॅन अडकवला, किक मारली आणि मग आठवल्यासारखं म्हणाला, "हां, अन् तिचे कपडे घेऊन उद्या तुला बीडला बोलवलंय. यष्टीनं ये म्हनली."